डोकं कसं दुखतं, ते आधी सांगा

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे आमचं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलं. मी डी. फार्म. करून काउंटरला बसायला लागले त्याला बावीस वर्षं झाली. सकाळी साडेआठला शटर वर गेलं की पहिल्या दहा गिऱ्हाइकांत तिघं-चौघं तरी म्हणतात, "डोस्क्याची गोळी द्या." कोणती, म्हणून विचारलं की, "कुठलीबी द्या ओ ताई, थांबल्याशी मतलब."

पण डोकेदुखी हा काही एकच आजार नाही, आणि एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला पडेलच असं नाही. म्हणून मी विचारते, दुखतं म्हणजे कसं दुखतं? आपल्या भाषेत डोक्याच्या दुखण्याला इतकी क्रियापदं आहेत की अर्धं निदान तिथंच होतं. ठणकतं, आवळतं, भणभणतं, जड होतं, कळ मारते, चमक निघते, फुटायला येतं. डॉक्टरांपुढे बसल्यावर मात्र माणसं हे सगळे शब्द विसरतात आणि "डोकं दुखतंय" एवढंच बोलून गप्प होतात. तसं करू नका. घरात आईला जसं सांगता तसंच तिथं सांगा.

ठणकणारं आणि आवळणारं

"ठणकतंय, एका बाजूनं, जिना चढला की जास्तच, आणि पोटात ढवळतंय" असं कुणी म्हणालं की मी मनात मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, धरते. औषध न घेता हा झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतो. उजेड नको वाटतो, कुकरची शिट्टी नको वाटते, फोडणीचा वास तर अजिबात नको. माणूस अंधारात पडून राहायला बघतो. नाव अर्धशिशी असलं तरी काहींचं पूर्ण डोकं ठणकतं, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीवर अडून बसू नका.

"आवळतंय, टॉवेल पिळून बांधल्यासारखं, दोन्हीकडून" हे दुसरं. याला ताणाची डोकेदुखी म्हणतात. ही सगळ्यात जास्त आढळते. अर्ध्या तासात जाते, नाहीतर आठवडाभरही रेंगाळते. पण उलटी होत नाही, आणि माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, नाहीतर मोबाइलवर वाकलेल्या माणसांच्या मानेचे आणि खांद्याचे स्नायू दाबून बघा, दगड लागतात हाताला. या दुखण्याला मान शेकणं, दर तासाला उठून खांदे फिरवणं आणि वेळेवर झोपणं यांचा उपयोग गोळीइतकाच होतो.

तिसरी जात क्वचित दिसते, पण ओळखता यावी म्हणून सांगते. एकाच डोळ्यात तापलेली सळई घातल्यासारखी कळ, त्याच डोळ्यातून पाणी, डोळा लाल, त्याच बाजूचं नाक गळतंय, आणि माणूस पडून न राहता येरझारा घालतोय. ही क्लस्टर डोकेदुखी. एक झटका 15 मिनिटं ते 3 तास राहतो, दिवसातून अनेकदा येतो, बऱ्याचदा रोज ठरल्या वेळी, रात्री झोपेतून उठवून. इथं साधी वेदनाशामक गोळी फुकट जाते, कारण ती लागू पडेपर्यंत झटका संपलेला असतो. यावर दवाखान्यात मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात, किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन. बावीस वर्षांत अशी दोनच माणसं माझ्या काउंटरवर आली असतील. दोघांनाही कुणीतरी आधी दात काढायला लावला होता.

माझं स्वतःचं डोकं

चौदाव्या वर्षापासून माझं डोकं दुखतंय. आधी चष्मा लागला. मग एका डॉक्टरांनी सायनस म्हटलं आणि दोन-तीन वर्षं अधूनमधून अँटिबायोटिकचे कोर्स झाले. त्यांनी सायनस का म्हटलं ते मला आता कळतं. झटक्यात माझ्या गालाचं हाड दुखायचं आणि नाक गळायचं. पण चेहऱ्याची संवेदना नेणारी जी मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तीच मायग्रेनमध्ये चेतते, त्यामुळे नाक-डोळ्याला पाणी मायग्रेनमध्येही येतं. सायनसच्या खऱ्या दुखण्यात सहसा घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, नाक चोंदणं, वास न येणं, ताप असलं काहीतरी सोबत असतं.

सत्ताविसाव्या वर्षी एका फिजिशियनबाईंनी मला तीनच प्रश्न विचारले. डोकं दुखताना मळमळतं का? उजेडाचा त्रास होतो का? गेल्या तीन महिन्यांत यापायी एखादा दिवस तरी काम सोडावं लागलं का? तिन्हींना हो. तीनपैकी दोनांना हो आलं तरी मायग्रेनची शक्यता बरीच असते. हे तीन प्रश्न मी आता काउंटरवर रोज विचारते, तुम्ही घरी विचारू शकता.

काहींना दुखायच्या आधी इशारा मिळतो, त्याला ऑरा म्हणतात. मला तो पहिल्यांदा दुकानातच आला. चिठ्ठी वाचत होते आणि औषधाच्या नावातलं मधलं अक्षर दिसेना. डोळे चोळले, चिठ्ठी हलवली, तर ती पुसलेली जागाही सोबत हलली. मग तिच्या कडेला नागमोडी रेघ चमचमायला लागली, ट्यूबलाइट फडफडते तशी, आणि हळूहळू मोठी होत नजरेच्या कडेला निघून गेली. वीस मिनिटं. त्यानंतर ठणका. ऑरा साधारण 5 मिनिटं ते एक तास राहतो आणि पूर्ण जातो. ज्या बायकांना असा ऑरा येतो त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. बायकांना मायग्रेन पुरुषांच्या साधारण तिप्पट होतं. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन घसरतं तेव्हा झटका येणं अगदी नेहमीचं. "हिची नाटकं" म्हणणाऱ्या नवऱ्यांना मी हे दुकानात उभं करून सांगते.

खुद्द मेंदूला दुखत नाही, त्याला वेदनेच्या तारा नाहीत. दुखतं ते मेंदूवरच्या आवरणाला आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. ट्रायजेमिनल नसेतून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि तिथं जणू आग लागते. हे उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना 2021 मध्ये मेंदूविज्ञानातलं मोठं 'ब्रेन प्राइझ' मिळालं. हे द्रव्य अडवणारी महिन्याकाठी घ्यायची इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात. महाग आहेत, पण आहेत.

कॅलेंडरवर रेघ आणि गोल

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीनं पेन्सिल बांधा. डोकं दुखलं त्या तारखेवर रेघ मारा. गोळी घेतली त्या तारखेला गोल करा. पाळी आली तर ठिपका. बास. ॲप नको, वही नको, कारण वही सापडत नाही आणि कॅलेंडर दुधाच्या हिशेबासाठी बघितलं जातंच.

महिन्याच्या शेवटी गोल मोजा. साध्या गोळ्यांचे, म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, 15 किंवा जास्त गोल असतील, किंवा दोन-तीन औषधं मिसळलेल्या गोळ्यांचे किंवा अर्गोटामिन, ट्रिप्टान या खास मायग्रेनच्या औषधांचे 10 किंवा जास्त असतील, आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं असेल, तर बहुतेक वेळा ती गोळीच आता तुमचं डोकं दुखवतेय. गोळी उतरली की डोकं दुखतं, म्हणून परत गोळी. मी औषधं विकते, तरी हे सांगते, कारण हे कुणी सांगत नाही.

आमच्या गल्लीतल्या एक अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सकाळी सहापासून मान खाली. रोज दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या असायच्या, कॅफिन मिसळलेल्या दोन गोळ्यांसाठी. एक तिथंच पाण्याबरोबर, दुसरी पदराच्या गाठीत दुपारसाठी. मी कॅलेंडर दिलं. त्यांना लिहिता येत नाही, पण गोल करता येतात. महिन्यानं आणून दाखवलं तर 26 गोल. रविवार वगळता सगळे दिवस, कारण रविवारी आमचं दुकान बंद. मी त्यांना सिव्हिलच्या ओपीडीत पाठवलं. डॉक्टरांनी गोळ्या एकदम बंद केल्या आणि रात्रीची एक बारीक गोळी सुरू केली.

पहिले दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी अक्का आल्या त्या कपाळाला फडकं आवळूनच. "ताई, एक तरी द्या की, मरतेय मी." मला हात आखडता घेणं जड गेलं. आत नेलं, पंख्याखाली बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, मानेवर माठातल्या पाण्यात भिजवलेला टॉवेल ठेवला. गोळी दिली नाही. बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, हे आधीच माहीत असलं तर माणूस टिकतो. आठव्या दिवसापासून उतार पडला. तिसऱ्या महिन्याच्या पानावर पाच गोल होते. एक सांगते, ट्रामाडॉलसारखी जोरदार वेदनाशामक औषधं किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेत असाल तर त्या स्वतःहून एकदम तोडू नका. त्या डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

तडक दवाखाना

खालचं काही असेल तर काउंटरवर गोळी मागत बसू नका. मिनिटाभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी. ती मेंदूतल्या रक्तस्रावाची असू शकते. डोकेदुखीबरोबर तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, फीट येणं. अशा वेळी 108 ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते घड्याळात बघून ठेवा. ताप आणि मान ताठ. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. खोकताना, वाकताना फुटायला येणारं, किंवा आठवड्यागणिक वाढतच चाललेलं.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्यानं सुरू झालेलं डोकं हलक्यात घेऊ नका. त्यात कानशील दाबल्यावर दुखत असेल, भाकरी चावताना जबडा दुखत असेल, तर रक्तवाहिनीच्या सुजेनं नजर कायमची जाऊ शकते. लवकर सुरू केलेल्या स्टेरॉइडनं ती वाचते. एक डोळा लाल, दिव्याभोवती वलयं आणि उलट्या, हा काचबिंदूचा झटका असू शकतो.

आणि बायकांबद्दल. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईचं डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तोंड-हात सुजलेत, तर त्याच दिवशी बीपी मोजा. बाळंतिणीचं डोकं बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सतत दुखत असेल तर "वारा लागला" म्हणून कानाला फडकं बांधून बसवू नका. मेंदूच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची रीत त्या गुठळीला मदतच करते. पाणी भरपूर द्या.

पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंग्यूची तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाची भीती असते.

गोळी घ्यायचीच, तर

मायग्रेनची गोळी ठणका सुरू झाल्याझाल्या घ्यायची असते. "बघू जरा वेळ" म्हणत दोन तास काढले की जठराची हालचाल मंदावते आणि गोळी पोटात नुसती पडून राहते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा मळमळीची गोळी सोबत देतात. ती नुसती उलटी थांबवत नाही, दुसरी गोळी पुढेही सरकवते.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 500 च्या एक किंवा दोन, दोन वेळांत निदान 4 ते 6 तासांचं अंतर, दिवसाला 4 ग्रॅमच्या वर कधीही नाही. वजन कमी, रोजचं दारूचं व्यसन किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून बरंच कमी, डॉक्टर सांगतील तेवढंच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून हिशेब करा. आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन जेवून. अल्सर, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर ही दोन्ही स्वतःच्या मनानं नाही. मुलांना ॲस्पिरिन नाही.

याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही खास मायग्रेनची औषधं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ज्यांना हृदयविकार, पक्षाघात झालाय किंवा बीपी आटोक्यात नाही त्यांना चालत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे झटका येऊ नये म्हणून रोज घेतात त्यांतली एक गोळी, चालू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा निम्मी करावी लागते, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. अर्गोटामिनच्या जुन्या गोळ्या लोक अजून सर्रास मागतात. त्या रक्तवाहिन्या आवळतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर घेतल्या तर हाता-पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. गरोदरपणात तर नाहीच. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून भांडणंही होतात.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं कामातून उठवत असेल, तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. ती चालतात की नाही हे दोन महिन्यांआधी ठरवू नका. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारे निम्मेअधिक बघितलेत मी. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला नाही, आणि ते एकदम बंद करायचं नाही. ॲमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमची चिठ्ठी घेऊन लोक परत येतात, "मोबाइलवर तर डिप्रेशनची गोळी म्हणून दाखवतंय." हो, मोठ्या मात्रेत. इतक्या कमी मात्रेत ती वेदनेसाठीच दिली जाते. अक्कांची रात्रीची बारीक गोळी तीच. फ्लुनारिझिननं झोप आणि वजन वाढतं, कुणाचं मनही उदास होतं, तसं झालं तर कळवा. टोपिरामेटनं बोटांना मुंग्या येतात, पाणी भरपूर प्यायचं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला घातक आहेत, त्यामुळे लग्नाचं, मुलाचं चाललं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

सोलापुरातलं डोकं

आपल्या गावाचं ऊन 42-43 अंशांवर जातं. टॉवेलच्या कारखान्यात पत्र्याखाली मागाच्या खडखडाटात बारा तास उभं राहिलेल्याचं डोकं चढणारच. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पाणी, मधून मीठ-साखरेचं. कानात कापूस पुरत नाही, कानात बसणारे फोमचे प्लग घ्या, स्वस्त असतात. उन्हात डोकं दुखून माणूस असंबद्ध बडबडायला लागला आणि अंग भाजतंय, तर तो उष्माघात. आधी अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा.

नळाला काही दिवसांनी पाणी येतं, तेही कधी रात्री दोनला. पाणी भरणाऱ्या बाईची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कॅलेंडरवर रेघ असते. ही जोडी मी इतक्यांदा बघितलीय की आता विचारते, "काल पाणी आलतं का?" पाण्याची पाळी घरातल्यांनी वाटून घ्यावी, हा औषधाइतकाच खरा उपाय आहे. तसंच उपवासाचं. नवरात्र, श्रावण सोमवार, कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणं, या दिवसांत मायग्रेनवाल्यांनी कडक उपवास धरू नये, दर तीन-चार तासांनी पोटात काहीतरी घालावं. चहा रोज चार कप असेल तर तो उपवासाला एकदम तोडला तरी डोकं दुखतं. जुन्या बायका अर्धशिशीवर सूर्योदयाआधी दूध-जिलबी खायला देतात. जिलबीत औषध नाही, पण पहाटे पोट रिकामं राहत नाही, हा त्यातला माझ्या मते कामाचा भाग.

एक गैरसमज तेवढा सोडा. रोजच्या डोकेदुखीला बहुतेक वेळा बीपी कारण नसतं. बीपी फार वर, 180/120 च्या पुढे गेलं की डोकं दुखू शकतं. त्यामुळे डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद करणं चुकीचं.

सिव्हिलला जाताना

सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथं सकाळी लवकर पोचा. गर्दी असते, डॉक्टरांपाशी दोन-चार मिनिटं मिळतात. त्यात सांगायचं ते आधी जुळवा. कसं दुखतं ते क्रियापद, कुठल्या बाजूला, किती तास, मळमळतं का, महिन्यात किती रेघा, किती गोल. कॅलेंडरची तीन पानं फाडून घडी घालून न्या. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका, नावं आठवत बसू नका. स्कॅन हवाच असा हट्ट धरू नका. नेहमीचं मायग्रेन असेल आणि तपासणीत काही वावगं नसेल तर त्याची गरज पडत नाही. पण वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांतली एखादी असेल, तर ती डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्या वाक्यात सांगा.